कौन्सिलातले नामदार गोखले

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. मवाळांच्या राजकारणाने देशाच्या पदरात काहीच पडले नाही, असा विषय होता. मी विषयाच्या बाजूने बोललो. सात मिनिटांत गोखल्यांचे नाव तीनदा घेतले आणि तिन्ही वेळा सभागृहात हशा पिकला. अर्ज, विनंत्या, शिष्टमंडळे, पुन्हा अर्ज असा पाढा मी म्हणून दाखवला आणि टाळ्या घेऊन खाली बसलो. मला दुसरे बक्षीस मिळाले.

समारंभ आटोपल्यावर आमच्या इतिहासाच्या सरांनी मला जिन्यात गाठले. प्रथम त्यांनी अभिनंदन केले. मग अगदी सहज विचारले, की गोखल्यांनी वरिष्ठ कायदे कौन्सिलात कोणकोणत्या बिलांवर मत दिले, आणि कोणत्या बाजूने दिले, हे मला ठाऊक आहे का? मला ठाऊक नव्हते. त्यांचे एकही भाषण मी वाचलेले नव्हते. सर रागावले नाहीत. त्यांनी ग्रंथपालांच्या नावे एक चिठ्ठी लिहून दिली, आणि मी दिवाळीची सुट्टी गोखल्यांच्या भाषणांच्या जाडजूड इंग्रजी ग्रंथाबरोबर काढली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या सुट्टीचा हिशेब आहे. गोखल्यांची चरित्रे पुष्कळ आहेत. त्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही. त्यांचे कौन्सिलातले काम आणि त्यांची मते एवढाच भाग मी घेतला आहे. भाषण टाळ्यांसाठीही करता येते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो. मताचे तसे नसते. मत देताना एका बाजूला उभे राहावे लागते आणि ते कायमचे लिहिले जाते.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक या गावी झाला. वडील कागलला नोकरीस होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना ते वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते दरमहा कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवू लागले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी थोरल्याने शाळा सोडली म्हणून धाकटा कॉलेजात आला, त्यांना या आठ रुपयांचे मोल वेगळे सांगायला नको. गोखले १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले, पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय वाट्याला येईल तो त्यांनी शिकवला. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून चालत असे. हे अंकगणित पुढे फार उपयोगी पडणार होते.

न्यायमूर्ती रानडे हे त्यांचे गुरू. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम करताना गोखल्यांनी त्यांच्या हाताखाली सरकारी अहवाल वाचायला शिकून घेतले. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले. तेथे त्यांची साक्ष उत्तम झाली. पण त्याच मुक्कामात त्यांनी पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या सैनिकांविरुद्ध, मित्रांच्या पत्रांवर विसंबून, एक गंभीर आरोप वृत्तपत्रात केला. परत आल्यावर पुरावा मिळेना. तेव्हा त्यांनी जाहीरपणे आणि संपूर्ण माफी मागितली. पुण्यात त्यांची छी थू झाली. या प्रसंगानंतर माणूस बोलायचे सोडून देतो किंवा बोलण्याआधी दहा वेळा पुरावा पाहू लागतो. गोखले दुसऱ्या वाटेने गेले, असे त्यांची पुढची भाषणे वाचताना मला वाटले.

१८९९ साली ते मुंबई कायदे कौन्सिलात निवडून आले. तेथील त्यांच्या कारकिर्दीतला एक प्रसंग माझ्या वादविवादातल्या सगळ्या मुद्द्यांना छेद देणारा निघाला. १९०१ साली मुंबई सरकारने जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल आणले. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना ती त्याला विकता वा गहाण टाकता येऊ नये, अशी त्यात तरतूद होती. सावकाराच्या तावडीतून जमीन वाचवण्यासाठी हे करतो आहोत, असे सरकारचे म्हणणे. गोखल्यांचे म्हणणे असे, की त्यामुळे शेतकऱ्याची पत बुडेल आणि तो सरकारचे कूळ होऊन बसेल. खरा रोग कर्जाचा आहे, आणि त्यावर औषध द्यायचे तर स्वस्त कर्जाची सोय करावी लागेल. आजचा वाचक या वादात दोन्ही बाजूंनी काही म्हणू शकेल. मात्र ऑगस्ट महिन्यात पुण्याच्या बैठकीत लोकांची मते येईपर्यंत थांबण्याची मागणी सरकारी बहुमताने फेटाळली, तेव्हा फिरोजशहा मेहता उठून सभागृहाबाहेर गेले, आणि त्यांच्यामागून जे मोजके सभासद बाहेर पडले त्यांत गोखले होते. सभात्याग हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत आज रोज असतो. त्या काळी लाटसाहेबांच्या समोरून उठून जाणे ही साधी गोष्ट नव्हती, आणि ते करणारा मनुष्य मवाळ होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस प्रकृतीमुळे मेहतांनी वरिष्ठ कौन्सिलातील जागा सोडली आणि तेथे गोखल्यांची निवड झाली. तेव्हापासून १९१५ साली मृत्यू येईपर्यंत ते त्या कौन्सिलाचे सभासद राहिले. फर्ग्युसन कॉलेजचा त्यांनी १९०२ साली निरोप घेतला.

हे कौन्सिल म्हणजे आजची संसद नव्हे, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. हिवाळ्यात ते कलकत्त्यास भरे, उन्हाळ्यात सिमल्यास. अध्यक्षस्थानी खुद्द व्हाइसरॉय. सभासद जेमतेम दोन डझन, त्यांत सरकारी अधिकाऱ्यांचे बहुमत ठरलेले. १८९२ च्या कायद्याप्रमाणे अंदाजपत्रकावर बोलता येई, पण त्यावर मत देता येत नसे. मार्च महिन्यात एक दिवस चर्चा व्हायची, प्रत्येकाने एकदा बोलायचे, अर्थमंत्र्यांनी उत्तर द्यायचे, व्हाइसरॉयांनी समारोप करायचा आणि अंदाजपत्रक जसेच्या तसे राहायचे. बहुतेक सभासद लिहून आणलेला कागद वाचत, सरकारचे अभिनंदन करत आणि बसत.

२६ मार्च १९०२ रोजी गोखले तेथे प्रथम अंदाजपत्रकावर बोलले. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. सरकारपाशी मोठी शिल्लक होती आणि अर्थखाते त्यावर खूश होते. या अभिनंदनात आपल्याला सामील होता येत नाही, असे या पस्तीस वर्षांच्या प्राध्यापकाने सुरुवातीलाच सांगून टाकले. नुकतेच दोन भयंकर दुष्काळ होऊन गेले होते, प्लेग चालूच होता. प्रजा उपाशी असताना तिजोरी भरते, याचा अर्थ सुबत्ता नव्हे. रुपयाचा भाव कृत्रिमपणे चढवलेला आहे आणि कर गरजेपेक्षा जास्त बसवलेले आहेत, असा हिशेब त्यांनी सरकारच्याच आकड्यांतून मांडला. लष्कराचा खर्च, मिठावरचा कर, देशी गिरण्यांच्या कापडावरची जकात, शेतसारा, शिक्षणावरची तुटपुंजी तरतूद, असे एकेक कलम त्यांनी घेतले. ते भाषण मी तीनदा वाचले. पहिल्यांदा आकड्यांनी डोके दुखले. तिसऱ्यांदा लक्षात आले, की त्यात एकही विशेषण फुकट गेलेले नाही.

या आकड्यांमागे आणखी एक माणूस होता. सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी हे पेशाने शाळामास्तर, पण देशाच्या जमाखर्चाचा त्यांच्याइतका अभ्यास असलेली माणसे विरळा. गोखले त्यांना पत्रे पाठवून शंका विचारीत आणि तपशील मागवीत. लहानपणी दुसऱ्याच्या मदतीने सोडवलेल्या गणिताबद्दल गुरुजींनी शाबासकी दिली तेव्हा गोपाळ रडला, अशी गोष्ट आपल्याला शाळेत सांगतात. ती खरी असो वा नसो, मोठेपणीच्या गणितात मदत मागायला त्यांना कधी लाज वाटली नाही, एवढे खरे.

मिठाचे उदाहरण घेऊ. १८८८ पासून मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. मीठ गरिबालाही लागतेच. त्यामुळे हा कर त्याच्यावर सर्वांत जड बसतो, आणि कर उतरवला की मिठाचा खप वाढतो, हे गोखले दर वर्षी आकडे देऊन सांगत राहिले. १९०३ साली कर दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीडवर, १९०७ साली एक रुपयावर. हे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे चुकीचे ठरेल. काँग्रेस किती तरी वर्षे हीच मागणी करीत होती. पण ज्या सभागृहात मत द्यायची सोयच नव्हती, तेथे दर मार्चमध्ये तोच मुद्दा नव्या आकड्यांनिशी मांडण्याचा फायदा काय, याचे उत्तर मला या तीन सालांत मिळाले. वादविवाद स्पर्धेत मी म्हणालो होतो की मवाळांच्या पदरात काहीच पडले नाही. मणामागे दीड रुपया पडला होता.

बिलांच्या बाबतीत मात्र मतदान होत असे, आणि तेथे गोखल्यांच्या वाट्याला बहुधा पराभवच आला. १९०४ साली सरकारी गुपितांचा कायदा कडक करण्यात आला. वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी होईल म्हणून गोखल्यांनी त्यास विरोध केला. त्याच महिन्यात कर्झनसाहेबांचे युनिव्हर्सिटी बिल आले. सीनेटमध्ये सरकारने नेमलेल्यांचे वर्चस्व होईल आणि विद्यापीठे सरकारची खाती बनतील, असा गोखल्यांचा आक्षेप होता. स्वतः अठरा वर्षे वर्गात उभा राहिलेला माणूस बोलत होता. त्यांनी उपसूचनांवर उपसूचना मांडल्या, त्या बहुतेक पडल्या आणि बिल पास झाले. उलट त्याच सुमारास आलेल्या सहकारी पतपेढ्यांच्या बिलाला त्यांनी पाठिंबा दिला, काही उणिवा दाखवून. सरकारचे आहे म्हणून विरोध, असा त्यांचा शिरस्ता नव्हता. १९०७ च्या नोव्हेंबरात सिमल्यास राजद्रोही सभाबंदीचे बिल आले, तेव्हा डॉ. रासबिहारी घोष यांच्याप्रमाणे गोखलेही त्याविरुद्ध उभे राहिले. मूठभर माणसांच्या अपराधासाठी सगळ्या देशाचे तोंड बांधू नका, असा त्यांचा सूर होता.

इथवर वाचून मी गोखल्यांचा पुरता भक्त झालो होतो. आपण स्पर्धेत बोललो ते सारे चूक होते, असा कबुलीजबाब लिहायला मी वहीसुद्धा काढली. आणि मग १९१० साल आले.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी कौन्सिल मोठे झाले होते. सभासदांना ठराव मांडण्याचा आणि त्यावर मते मागण्याचा हक्क मिळाला होता. सरकारी बहुमत मात्र कायम ठेवलेले होते. नव्या कौन्सिलापुढे आलेल्या पहिल्या मोठ्या बिलांपैकी एक म्हणजे प्रेस ॲक्टचे बिल. नवा छापखाना काढणाऱ्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा आणि मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास तो जप्त करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. ८ फेब्रुवारी १९१० रोजी ते पास झाले. पंडित मदनमोहन मालवीय आणि भूपेंद्रनाथ बसू यांनी विरोध केला. गोखल्यांनी केला नाही. कायद्याची मुदत तीन वर्षांपुरती असावी, अशी त्यांची खटपट होती. ती फसली. तरीही त्यांनी आपले वजन बिलाच्या बाजूने टाकले.

ज्या माणसाने १९०४ मध्ये वर्तमानपत्रांसाठी आणि १९०७ मध्ये सभास्वातंत्र्यासाठी भांडण केले, त्याने हे का करावे? त्या वेळची परिस्थिती आठवली पाहिजे. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला होता. जानेवारीत कलकत्त्याच्या हायकोर्टाच्या आवारात एका पोलीस अधिकाऱ्यास गोळी घालण्यात आली होती. सुधारणा नुकत्याच अंमलात आल्या होत्या, आणि त्या मागे घेतल्या जातील ही धास्ती होती. व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळात प्रथमच एक हिंदी गृहस्थ, सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, कायदेमंत्री म्हणून बसले होते. बंगालमधून चौकशीविना हद्दपार केलेल्या नऊ पुढाऱ्यांच्या सुटकेचा प्रश्न लोंबकळत होता. बिल पास झाले आणि लगेच त्यांची सुटका झाली. ही सारी कारणे मी मांडून पाहिली. त्यांतले प्रत्येक कारण मला समजते. तरीही ते मत मला पटत नाही. हा कायदा १९२२ पर्यंत अंमलात राहिला, आणि त्याखाली देशी वर्तमानपत्रांकडून जामीन मागण्याचे व ते जप्त करण्याचे सत्र बारा वर्षे चालले. मौलाना महंमद अली यांच्या कॉम्रेड पत्राचा जामीन १९१४ मध्ये जप्त झाला, तो याच कायद्याने. तीन वर्षांची मुदत घालून घेता आली नाही, तेव्हा गोखल्यांनी मालवीयांच्या बाजूला जाऊन उभे राहायला हवे होते. असे मला वाटते.

सरांना मी हे सांगितले. माझा भ्रमनिरास झाला असेल असे त्यांना वाटले असावे. ते एवढेच म्हणाले, की आता महिना तोच ठेवून पुढचे पान उलट.

पुढचे पान २५ फेब्रुवारी १९१० चे होते, म्हणजे प्रेस ॲक्टनंतर सतरा दिवसांनी. त्या दिवशी गोखल्यांनी नाताळ वसाहतीकडे करारबद्ध मजुरांची भरती बंद करण्याचा सरकारला अधिकार मिळावा, असा ठराव मांडला. पाच वर्षांच्या करारावर आपली माणसे तेथील उसाच्या मळ्यांत व खाणींत नेली जात, आणि करार संपल्यावर ती तेथे राहू म्हणतील तर त्यांच्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसे. ठराव सरकारने मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. नव्या हक्काचा वापर करून कौन्सिलातून मिळवलेला हा पहिला ठोस विजय म्हणता येईल. एका महिन्यात मला न पटलेले मत आणि हा ठराव, दोन्ही एकाच माणसाचे होते. माणसाची मते बेरीज-वजाबाकी करून शून्यावर आणता येत नाहीत, हे मला तेव्हा कळले. दोन्ही रकाने तसेच ठेवून वाचावे लागतात.

आता प्राथमिक शिक्षणाच्या बिलाकडे वळू. गोखल्यांच्या कौन्सिलातील साऱ्या कामात हे काम मला सर्वांत मोठे वाटते, आणि त्यात ते हरले.

१९०१ च्या खानेसुमारीत देशातील लिहिता-वाचता येणारांचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास होते. बहुसंख्य खेड्यांत शाळाच नव्हती. १८ मार्च १९१० रोजी गोखल्यांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले, म्हणून त्यांनी तो मागे घेतला. त्याच वर्षी सरकारने वेगळे शिक्षण खाते काढले, पण सक्तीचे नाव काढीना. तेव्हा १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी आपले खाजगी बिल आणले.

हे बिल किती बेताचे होते ते पाहण्यासारखे आहे. त्याने एका दिवसात सगळ्या देशावर सक्ती लादली नव्हती. ज्या नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला सक्ती आणायची असेल तिने प्रांतिक सरकारच्या मंजुरीने ती आणावी. तीही ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच. सहा ते दहा वर्षांचे मुलगे प्रथम घ्यावेत, मुलींचा विचार पुढे. ज्या पालकाची मिळकत महिना दहा रुपयांहून कमी असेल त्याला फी माफ. खर्चासाठी स्थानिक संस्थेला शिक्षणपट्टी बसवता यावी, आणि खर्चाचा दोन-तृतीयांश भार सरकारने उचलावा, ही अपेक्षा. इंग्लंड आणि आयर्लंड येथील कायदे पुढे ठेवून बिल बेतले होते, आणि घरचे उदाहरण म्हणून बडोदे होतेच. तेथे सयाजीराव महाराजांनी १९०६ पासून सबंध राज्यात सक्ती लागू केली होती. एका संस्थानिकाला जे जमते ते हिंदुस्थान सरकारला का जमू नये, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

बिल वर्षभर लोकमतासाठी देशभर फिरले. प्रांतिक सरकारे विरुद्ध गेली. लोकांना सक्ती नको आहे, पैसा नाही, शिक्षक नाहीत, इमारती नाहीत, अशी कारणे आली. काही जमीनदारांना वेगळी चिंता होती. गुरे राखणारी पोरे शाळेत बसली तर शेतावर कोण येणार? १८ आणि १९ मार्च १९१२ असे दोन दिवस चर्चा चालली. बिल पास करा, असे गोखले म्हणतच नव्हते. ते निवड समितीकडे पाठवा, एवढीच मागणी होती. मालवीय बाजूने बोलले, महंमद अली जिना बाजूने बोलले. सरकारी सभासद एकजात विरुद्ध गेले, आणि खेदाची गोष्ट ही की काही हिंदी सभासदही त्यांच्याबरोबर गेले. मते मोजली तेव्हा बाजूने १३ आणि विरुद्ध ३८ निघाली.

हा निकाल गोखल्यांना आधीच दिसत होता. आपण हरणार हे त्यांनी भाषणातच मोकळेपणाने मान्य केले. त्याचा विषाद न मानता, आपल्या पिढीला अपयशातूनच देशाची सेवा करावी लागणार आणि यश पुढच्यांच्या वाट्याला येणार, अशा अर्थाचे ते बोलले. आदळआपट नाही, रडगाणे नाही. त्याच महिन्याच्या ४ तारखेला त्यांनी करारबद्ध मजुरीची सगळी पद्धतच बंद करावी असा ठराव मांडला होता. तोही २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला होता. म्हणजे पंधरवड्यात दोन मोठे पराभव. आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात हा मधुमेहाने जर्जर झालेला मनुष्य दक्षिण आफ्रिकेत उतरला, गांधीजींबरोबर गावोगाव हिंडला आणि तीन पौंडांच्या करासाठी तेथील मंत्र्यांशी बोलणी करून आला.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात गोखल्यांचे निधन झाले. वय अवघे ४८. ज्यांच्याशी त्यांचे उभे राजकीय वैर होते त्या लोकमान्यांनी स्मशानात त्यांचा गौरव केला. कौन्सिलात पडलेले त्यांचे ठराव मात्र त्यांच्याबरोबर गेले नाहीत. १९१६ मध्ये मालवीयांनी मजूरभरतीचा तोच ठराव पुन्हा आणला आणि सरकारने तो स्वीकारला. १९१७ मध्ये भरती थांबली. त्याच १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू करण्याचा हुकूम काढला. ज्या कोल्हापुरात गोपाळ महिना आठ रुपयांवर शिकला होता तेथेच. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या बिलाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती आणण्याची मुभा मिळाली. बाकीच्या देशाला मात्र फार थांबावे लागले. शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवणारी घटनादुरुस्ती २००२ साली झाली, कायदा २००९ साली झाला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. १९१२ च्या मार्चपासून मोजले तर अठ्ठ्याण्णव वर्षे.

या अठ्ठ्याण्णव वर्षांत माझी आजी येते. ती गुहागरकडचीच. सहाव्या वर्षी तिच्या हाती गुरांची काठी आली, शाळा कधीच आली नाही. पेन्शनच्या कागदावर ती अंगठा उठवते आणि मग तो पदराला पुसते. सुट्टीत मी तिला या बिलाची हकीकत सांगितली. तेरा जण एकीकडे, अडतीस जण दुसरीकडे. तिने नीट ऐकून घेतले आणि विचारले, त्यात पोरींचे काय होते? मला सांगावे लागले, की प्रथम मुलगेच होते, मुली मागून. ती हसली. म्हणाली, मग माझा नंबर तेव्हाही लागला नसता. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. गोखल्यांच्या बिलावरची ही टीका मी कोणत्याही ग्रंथात वाचलेली नाही, म्हणून ती येथे नोंदवून ठेवतो.

थोडक्यात सांगायचे तर गोखल्यांचा कौन्सिलातील हिशेब हा असा आहे. मिठाच्या करात यश, नाताळच्या ठरावात यश. युनिव्हर्सिटी बिलात, सभाबंदीच्या बिलात, मजुरीच्या ठरावात आणि शिक्षणाच्या बिलात पराभव. आणि प्रेस ॲक्टवर एक मत, जे माझ्या मते चुकले. मवाळांनी काय मिळवले हा प्रश्न पुन्हा स्पर्धेत आला तर मी कोणत्या बाजूने बोलेन, हे मला आज सांगता येणार नाही. पण बोलण्यापूर्वी वाचून जाईन. गोखल्यांवर हशा पिकवून मिळालेले ते दुसरे बक्षीस, म्हणजे एक शब्दकोश होता, तो मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला देऊन टाकला आहे. भाषणांचा तो इंग्रजी ग्रंथही मी परत केला आहे. ग्रंथपालांनी चिठ्ठी पाहिली तेव्हा माझ्या आधी तो कित्येक वर्षांत कोणीही नेलेला नव्हता. ज्यांना पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत या विषयावर बोलायचे असेल त्यांनी तो जरूर न्यावा.